विश्लेषण : वाफेच्या इंजिनांची मॉडेल्स जमवणारे ती कापून, रंगवून बदलतात कशासाठी?

सिंधुदुर्गात वाफेच्या इंजिनाची गाडी नियमितपणे कधी धावलीच नाही. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. त्याच्या दोन वर्षे आधी, डिसेंबर १९९५ मध्येच, देशातील ब्रॉडगेजवरच्या नियमित सेवेतून वाफेची इंजिने बाद झाली होती. देवगड तालुक्यातील कुणकेश्वरच्या माणसाला मुंबई गाठायची तर देवगड किंवा विजयदुर्गच्या बंदरात आगबोट धरावी लागे. आगगाडी पाहायची तर घाट चढून कोल्हापूर, नाही तर गोव्यात मुरगाव. या किनाऱ्याने वाफ ओळखली ती समुद्रावर. तरीही अशा गावात बसून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंजिनांची तळहातावर मावणारी मॉडेल्स जमवता येतात, आणि त्यांत हवे तसे बदलही करता येतात. बाहेरून हा खेळण्यांचा शौक वाटतो. आत शिरले की त्यात गणित लागते, जुनी छायाचित्रे वाचावी लागतात, आणि एक धोकाही दिसतो. आपण केलेला अंदाज उद्या कुणी तरी इतिहास म्हणून स्वीकारू शकतो.

‘ग्रुपिंगपूर्व’ काळ कोणता?

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शंभराहून अधिक खासगी रेल्वे कंपन्या होत्या. १९२१ च्या कायद्याने त्यांची मोट बांधली गेली आणि १ जानेवारी १९२३ पासून चार मोठ्या कंपन्या उरल्या : लंडन मिडलंड अँड स्कॉटिश, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न, ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न. या एकत्रीकरणाला तिकडे ‘ग्रुपिंग’ म्हणतात. त्याआधीचा काळ संग्राहकांना वेड लावतो, कारण तेव्हा प्रत्येक कंपनीचा मुख्य अभियंता म्हणजे आपल्या कारखान्याचा राजाच असे. धुराड्याची ठेवण, घुमटाचा आकार, चालकाच्या खोलीचे छप्पर, पितळी पट्टी कुठे आणि किती, हे सगळे त्याच्या मर्जीवर. कॅलेडोनियनची इंजिने निळी, मिडलंडची गडद तांबडी, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नची चकचकीत काळी. इंजिन पाहिले की कंपनी ओळखावी.

भारतात असे एकत्रीकरण १९५१-५२ मध्ये झाले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम रेल्वे जन्माला आल्या. ‘जीआयपी’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ‘बीबीसीआय’ म्हणजे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया या कंपन्या कागदावरून गेल्या. मुंबईकरांच्या तोंडून जायला त्यांना आणखी बराच काळ लागला. मद्रास अँड सदर्न मराठा आणि निजामाची रेल्वे यांचेही तेच झाले. त्यामुळे मराठी मुलखातल्या संग्राहकासाठी ‘ग्रुपिंगपूर्व’ म्हणजे या कंपन्यांचा काळ.

एक मार्ग मात्र या मोटेत कधीच पुरता आला नाही. विदर्भातल्या मूर्तिजापूर-यवतमाळ ‘शकुंतला’ची मालकी स्वातंत्र्यानंतरही जुन्या खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन तिथे १९९४ पर्यंत गाडी ओढत होते.

थॉमसचा इथे काय संबंध?

मराठी घरांतल्या लहान मुलांनी टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिलेला निळा ‘थॉमस’ हा ग्रुपिंगपूर्व काळातला आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्याचे रूप लंडन ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेच्या ‘ई-२’ जातीच्या इंजिनावरून घेतले आहे. १९१३ ते १९१६ या काळात ब्रायटनच्या कारखान्यात अशी फक्त दहा इंजिने बनली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळी भंगारात गेली. एकही वाचले नाही. ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीने १९७९ मध्ये ई-२ चे मॉडेल काढले. काही वर्षांनी त्याचेच साचे बदलून थॉमसचे मॉडेल तयार झाले आणि मूळ ई-२ ची विक्री थांबली.

मग संग्राहकांनी उलटी वाट धरली. जुन्या बाजारात थॉमस स्वस्तात मिळतो. त्याचा चेहरा काढून तिथे धूरपेटीचे गोल दार बसवायचे, बाजूचा ‘१’ खरवडायचा, धुराडे आणि घुमट बदलायचे, नवा रंग द्यायचा. मुलांच्या खेळण्यातून एक नामशेष इंजिन परत उभे राहते. या छंदात शिरणाऱ्या अनेकांचा पहिला प्रयोग असाच असतो, कारण थॉमस बिघडला तरी फार हळहळ वाटत नाही.

तयार मॉडेल मिळत असताना ते बदलायचे का?

कारण कारखाना एका जातीचे मॉडेल काढतो. संग्राहकाला एक इंजिन हवे असते. ब्रायटनच्याच ‘टेरियर’ या छोट्या इंजिनांचे उदाहरण घेऊ. १८७२ ते १८८० या काळात अशी ५० बनली. लंडनच्या उपनगरांतल्या गाड्यांसाठी ती होती, म्हणून पाण्याच्या टाक्यांवर उपनगरांची आणि आसपासच्या गावांची नावे रंगवलेली. पुढे त्यांतली अनेक छोट्या कंपन्यांना विकली गेली. १९११ पासून काहींना नवे बॉयलर बसले, त्यासोबत पुढची धूरपेटी लांब झाली आणि इंजिनाचा चेहराच पालटला. आज दहा टेरियर शिल्लक आहेत, त्यांतले एक थेट कॅनडात.

आता ‘स्टेपनी’ नावाचे टेरियर कुणाला हवे असेल, तर पहिला प्रश्न येतो : कोणत्या सालचे? १८७० च्या दशकातले पिवळे-सोनेरी, आखूड धूरपेटीचे? नवे बॉयलर बसल्यानंतरचे? की १९६० मध्ये ब्लूबेल रेल्वेने जतनासाठी विकत घेतले तेव्हाचे? नाव एकच, पण ही तीन वेगळी मॉडेल्स आहेत. साल ठरले की धुराड्याची उंची, ब्रेकचे पाइप, कोळशाच्या पेटीवरचे कठडे, दिव्यांच्या जागा, आकड्यांची धाटणी हे सारे त्यामागून ठरत जाते. एखाद्या नटाची भूमिका आधी ठरावी आणि मग रंगभूषा, तसे हे आहे.

संग्राहकांत यावरून दोन तट आहेत. एका तटाला खोका न उघडलेले, जसेच्या तसे मॉडेल प्रिय. त्याची पुढची किंमत त्या खोक्यावर अवलंबून असते. तयार मॉडेलची किंमत आजकाल साधारण दीडशे ते अडीचशे पौंड, वर टपालखर्च आणि सीमाशुल्क; त्यावर करवत चालवायला हात धजत नाही हेही खरे. दुसरा तट म्हणतो, खोक्यात पडून राहिलेले इंजिन हे इंजिनच नव्हे. व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर पहिला तट बरोबर आहे. ज्ञानाच्या बाजूने दुसरा, कारण बदल करणाऱ्यालाच खऱ्या इंजिनाचा अभ्यास करावा लागतो.

छायाचित्र काळे-पांढरे, मग रंग कळतो कसा?

इथेच बहुतेकांचे पाय घसरतात. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रणाच्या काचा आजच्या फिल्मसारख्या सगळे रंग पकडत नसत. त्या निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळपास आंधळ्या होत्या. परिणामी तांबडे इंजिन छायाचित्रात काळे दिसते आणि निळे अपेक्षेपेक्षा फिकट. छायाचित्रात काळे दिसते म्हणून ते काळेच होते, असे मानणारा सरळ फसतो.

कागदावरचा शब्दही दगा देतो. टेरियरचे जनक विल्यम स्ट्राउडली यांनी आपल्या रंगाला ‘सुधारित इंजिन हिरवा’ असे नाव दिले होते. प्रत्यक्षात तो पिवळा, मोहरीकडे झुकणारा सोनेरी रंग होता. नुसता दस्तऐवज वाचून कुणी हिरवे टेरियर रंगवले असते तर कागद त्याच्या बाजूने असता आणि इंजिन विरोधात. म्हणून अभ्यासू संग्राहक रंगाचे जुने नमुने, त्या काळची रंगीत चित्रे, जतन केलेल्या इंजिनावर खरवडून सापडलेले मूळ थर, असे तीन-चार पुरावे एकमेकांशी ताडून पाहतात.

जीआयपीचे इंजिन दुकानात का मिळत नाही?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. जीआयपीची ही सुरुवातीची इंजिने इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. त्यांतले एकही आज उरलेले नाही. हीच इंजिने आपल्या टेबलावर असावीत असे कुणालाही वाटेल. पण मोठ्या परदेशी उत्पादकांची गिऱ्हाइके ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत. जीआयपीच्या इंजिनासाठी महागडे साचे कोण बनवणार?

मग ब्रिटिश मॉडेल घ्यायचे आणि त्याला भारतीय करायचे, हा मार्ग उरतो. तो वाटतो तितका वेडगळ नाही, कारण आपली जुनी इंजिने ब्रिटनच्याच कारखान्यांत बनली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय रेल्वेंसाठी ब्रिटिश अभियंत्यांनी प्रमाणित आराखडे ठरवले, त्यांतही घडण ब्रिटिशच राहिली. फरक पडतो तो रुळांच्या रुंदीत. ब्रिटनचे रूळ ४ फूट साडेआठ इंच म्हणजे १४३५ मिलिमीटर अंतरावर. आपले ब्रॉडगेज साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर.

आता गणित पाहा. ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालणाऱ्या ‘डबल ओ’ प्रमाणात खऱ्या एका फुटासाठी मॉडेलवर ४ मिलिमीटर धरतात. त्या हिशेबाने भारतीय ब्रॉडगेज २२ मिलिमीटरचे व्हायला हवे. बाजारात मिळणारा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा. खरे तर तो ब्रिटिश गाडीलाही अपुराच आहे (तिला १८.८३ हवे). शंभर वर्षांपूर्वीच्या तडजोडीचे ते ओझे हा छंद अजून वाहतो आहे. भारतीय इंजिन त्या रुळावर ठेवले की गलेलठ्ठ माणूस अरुंद बाकावर बसल्यासारखे दिसते.

यातून एक पळवाट निघते आणि ती मोठी मजेदार आहे. युरोप-अमेरिकेत प्रचलित ‘एचओ’ प्रमाण १:८७ आहे, म्हणजे ब्रिटिश प्रमाणापेक्षा थोडे लहान. ब्रिटिश इंजिनाची रुंदी साधारण ९ फूट. ४ मिलिमीटरच्या हिशेबाने मॉडेल ३६ मिलिमीटर रुंद. हेच मॉडेल १:८७ चे आहे असे मानले तर खरी रुंदी येते ३.१३ मीटर. भारतीय ब्रॉडगेजवर गाडीला ३.२५ मीटरपर्यंत रुंदी चालते. म्हणजे ब्रिटनच्या मोजपट्टीवर बनलेले शरीर प्रमाण बदलताच भारतीय देहयष्टीच्या जवळ जाऊन बसते! चाकेही त्याच पटीत मोठी ठरतात : साडेचार फुटी चाक सुमारे ५ फूट २ इंचांचे होते, आणि आपल्याकडच्या मालगाडीच्या जुन्या इंजिनांना ते जवळपास शोभते. रुळांची रुंदी तेवढी इथेही चुकते. १:८७ मध्ये ब्रॉडगेजला १९.२ मिलिमीटर हवे. ज्यांना ही पावणेतीन मिलिमीटरची उणीव सहन होत नाही ते आस लांबवतात आणि रूळही स्वतः बांधतात. बाकीचे कानाडोळा करतात. बहुसंख्य दुसऱ्या गटातले, आणि त्यात काही कमीपणा नाही.

अरुंद रुळांवर हे सोपे होते का?

बरेच. महाराष्ट्राच्या दृष्टीने या छंदाचा सर्वांत रसाळ भाग हाच. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिने पंढरीला नेल्या. तिचे रूळ अडीच फुटी, ७६२ मिलिमीटरचे. १:८७ प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि बाजारात ‘एन’ या लहान प्रमाणाचा ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. फरक पाव मिलिमीटरचा. ब्रॉडगेजवाल्यांना जे कधी जमत नाही ते बार्शीवाल्याला आयते मिळते.

बार्शीचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचे तत्त्व साधे होते : इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको, आणि तो सर्व आसांवर सारखा वाटलेला असावा. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्त होतात आणि तरी माल भरपूर वाहता येतो. त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने आठ जोडचाके आणि मागे चार छोटी चाके असलेली टाकीवाली इंजिने बनवली. (हाच कॅलथ्रॉप पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला, तो निराळा विषय.)

बार्शीत जमलेले कॅलथ्रॉपने मग इंग्लंडमध्ये नेले. स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ मध्ये सुरू झालेली ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ ही अडीच फुटी रेल्वे त्याच्याच देखरेखीखाली उभी राहिली. तिची दोन इंजिनेही किटसनची. पुढे भलामोठा दिवा, उन्हाच्या देशात शोभावे असे छप्पर. इंग्लंडच्या हिरव्या दरीत ती इंजिने वाट चुकून आल्यासारखी दिसत. १९३४ मध्ये ती रेल्वे बंद पडली, पण ब्रिटिश संग्राहकांची ती लाडकी आहे आणि तिच्या इंजिनांची जोडणीसंच म्हणून मॉडेल्स निघत आली आहेत. म्हणून बार्शीचे इंजिन करू पाहणारा तिकडचा संच हाती घेऊ शकतो. दिवा, छप्पर, अंगाची एकूण ठेवण यांत आधार मिळतो. चाकांची मांडणी मात्र वेगळी आहे. सहा जोडचाकांच्या जागी आठ बसवायची म्हणजे खालचा सांगाडा नवाच करावा लागतो. तेवढे केले की बार्शीची मुलगी माहेरी आली म्हणायला हरकत नाही.

माथेरानच्या गाडीचीही अशीच गंमत. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या दोन फुटी मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलने चार इंजिने दिली होती. तीव्र वळणे घेता यावीत म्हणून त्यांचे पुढचे-मागचे आस किंचित फिरत. त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक ब्रिटनमध्ये गेले. एका फुटाला १६ मिलिमीटर या मोठ्या प्रमाणात दोन फुटी मार्ग बरोबर ३२ मिलिमीटरचा होतो आणि तो रूळ तयार मिळतो. या प्रमाणात खऱ्या वाफेवर चालणारी मॉडेल्सही करतात. बॉयलर मुठीएवढा, पण शिट्टी खरी.

प्रत्यक्ष बदल कसा करतात?

आधी मोजमाप. ब्रिटनमधल्या यॉर्क आणि ग्लासगोच्या संग्रहांत कारखान्यांची मूळ रेखाचित्रे जपलेली आहेत आणि त्यांच्या प्रती मागवता येतात. इंजिन शिल्लक असेल तर फूटपट्टी शेजारी धरून छायाचित्रे काढणे हा उत्तम उपाय. चाकाचा व्यास माहीत असेल तर बाजूने काढलेल्या जुन्या छायाचित्रावरून बाकीची मापे बरीच नेमकी काढता येतात.

मग वरचे कवच आणि खालचा मोटरवाला सांगाडा वेगळे करायचे. प्लास्टिकच्या कवचावरचे धुराडे, घुमट बारीक करवतीने छाटून तिथे पितळी किंवा रेझिनचे नवे भाग लावतात. भारतीय रूपासाठी पुढे गाईगुरे बाजूला सारणारी जाळी, मोठा दिवा, उन्हासाठी दुहेरी छप्पर हे हमखास लागते. पितळी पत्र्यावर आम्लाने कोरलेले सुटे भाग जोडायला डाख द्यावा लागतो. पांढऱ्या धातूचे ओतीव भाग मात्र सराईत नसलेल्या हाताखाली बघता बघता वितळून जातात. त्यांच्यासाठी सुमारे ७० अंशांनाच वितळणारे वेगळे डाख मिळते. अलीकडे थ्री-डी प्रिंटिंगने या कामाचा नूरच पालटला आहे. संगणकावर आराखडा काढता आला की जे इंजिन कुणीच बनवत नाही त्याचे कवच घरपोच येते. पृष्ठभागावरच्या बारीक रेघा घासून काढण्याचा कंटाळा मात्र यंत्राने अजून वाचवलेला नाही.

शेवटी रंग, आणि त्यावर केसाएवढ्या बारीक रंगीत कडा. या कडा ओढणे हा साऱ्या कामातला सर्वांत अवघड भाग. पाण्यात भिजवून चिकटवायच्या तयार पट्ट्या मिळतात, पण वळणावर त्या चुरगळतात. कोकणात राहणाऱ्याला इथे एक शेजार कामी येऊ शकतो. सोनाराच्या कानशी, तारेएवढे करवतीचे पाते आणि फुंकणी पितळी संचासाठी तंतोतंत योग्य. आणि सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांवर बारीक काम करणारी परंपरा जिल्ह्यातच आहे.

जुनी मॉडेल्स आपोआप का फुटतात?

१९३० च्या दशकातली काही मॉडेल्स कुणी हात न लावताच तडकतात, फुगतात आणि भुगा होतात. ती जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असत. त्या जस्तात शिसे किंचित जरी मिसळले गेले तरी धातूच्या कणांच्या सीमेवरून गंज आत शिरतो. यावर औषध नाही. दमट आणि उष्ण हवेत हे लवकर घडते. म्हणून जुने मॉडेल घेताना रंगापेक्षा खालचा सांगाडा आधी पाहावा : रेघ दिसली, लांबी वाढलेली वाटली किंवा चाके अडकली, तर ते शोभेपुरतेच.

अंदाज किती करायचा?

समजा, जीआयपीच्या एका इंजिनाचे फक्त डाव्या बाजूचे छायाचित्र उपलब्ध आहे. उजव्या बाजूला काय होते? पाइप कुठून जात होता? मॉडेल अर्धवट ठेवता येत नाही, त्यामुळे करणाऱ्याला काही तरी बसवावेच लागते. लेखात ‘कदाचित’ लिहिता येते. पितळेत ‘कदाचित’ कोरता येत नाही. पुढे त्या मॉडेलचे सुंदर छायाचित्र मोबाइलवरून फिरते, दुसरा संग्राहक तोच पाइप आपल्या मॉडेलवर घेतो, आणि दहा वर्षांनी तो पाइप होताच असे सगळे धरून चालतात. ज्या इंजिनाचा खिळाही उरलेला नाही तिथे ही चूक दुरुस्त करायला मूळ वस्तूच नसते.

म्हणून काळजीपूर्वक काम करणारे दोन गोष्टी पाळतात. मॉडेलच्या तळाशी इंजिनाचा क्रमांक, गृहीत धरलेले साल आणि बदल केल्याचे साल लिहितात. आणि सोबतच्या वहीत पुराव्याने केलेले काय व अंदाजाने केलेले काय हे वेगळे नोंदवतात. अशी वही नसलेला बदल कितीही देखणा असला तरी तो शोभेची वस्तूच ठरतो. विकताना मात्र ही वही अनेकदा मॉडेलसोबत जात नाही, हे या छंदातले मोठे नुकसान आहे.

महाराष्ट्रात हे कुठे पाहता येते?

पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून, म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण झाली त्याच वर्षापासून, सुरू आहे. १:८७ प्रमाणातले अख्खे शहर, सिग्नल, पूल आणि त्यांतून धावणाऱ्या वेगवेगळ्या काळांतल्या गाड्या तिथे पाहायला मिळतात. मोजमापासाठी खरी अरुंद गेजची इंजिने हवी असतील तर नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज संग्रहालय आहे. कोकणातून या दोन्हीकडे जायला आता सरळ गाडी वा बस मिळते. पूर्वी पुण्याची वारीही घाटाची होती.

आणि कुणकेश्वरच्या हवेत ती टिकतात का?

समुद्राला लागून असलेल्या गावात या छंदाचा खरा शत्रू खारा वारा. स्वस्त संचांत येणारा पोलादी रूळ एका पावसाळ्यात तांबडा होतो. ‘निकेल सिल्व्हर’चा रूळ घ्यावा, नावात चांदी असली तरी तो तांबे, निकेल आणि जस्ताचा असतो. त्यावरही काळसर थर बसतो, पण तो अल्कोहोलने पुसला की वीज पुन्हा नीट वाहते. सँडपेपर लावू नये, ओरखड्यांत मळ अधिक धरतो. किनाऱ्यावरची बारीक वाळू दातेरी चक्रांत गेली तर मोटर जळते, म्हणून मांडणी खिडकीपासून दूर, झाकणाच्या पेटीत हवी.

रंगाचे काम थंडीत, कोरड्या हवेत उरकावे. दमट दिवसात दिलेला रंग पांढुरका पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मॉडेल्स घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरता येतात. कागदी खोके मात्र वेगळे, कोरड्या जागी ठेवावेत, कारण बुरशी आधी पुठ्ठ्याला धरते आणि तिथून मॉडेलवर जाते. महिन्यातून एकदा डबा उघडून प्रत्येक इंजिन दोन-चार मिनिटे पुढे-मागे चालवले की वंगण गोठत नाही.